मधलं एक मिनिट

जुलै १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये महंमद अलीला लंगडी घालायला लावली होती. डॉक्टरांच्या लेखी ती मज्जासंस्थेची तपासणी. एका पायावर उड्या मार, बोट नेऊन नाकाच्या शेंड्याला लाव, असलं काही काही. अहवालात उतरलं ते असं, की या माणसाकडून अपेक्षा करावी तितक्या चपळाईने त्याला एका पायावर उड्या मारता येत नाहीत आणि नाकाकडे निघालेलं बोट किंचित चुकतं. अली तेव्हा अडतीस वर्षांचा होता. ज्याचे पाय बघायला लोक तिकिटं काढत, त्याची लंगडी चुकत होती. पण लढायला बंदी घालावी असं काही ठोस सापडलेलं नाही, हा निष्कर्षही त्याच अहवालातला. नेवाडा राज्याच्या क्रीडा मंडळाने परवाना दिला, आणि २ ऑक्टोबरला लास वेगासच्या सीझर्स पॅलेसच्या आवारात, उघड्यावर उभारलेल्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला.

त्याच वर्षाच्या जानेवारीत तो आपल्याकडे येऊन गेला होता. दिल्लीत पंजाबच्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांचा प्रदर्शनीय सामना खेळला. तेव्हा तो निवृत्त होता. १९७९ मध्ये तशी रीतसर घोषणा झाली होती. निवृत्त माणसाने थोडं हसावं, थोडं नाचावं, हार घालून घ्यावेत, प्रेक्षकांनी खूश होऊन घरी जावं. अलीला हे सगळं उत्तम जमत होतं. मग परत का गेला? पैसे होतेच. होम्सशी लढण्याचे ऐंशी लाख डॉलर ठरले होते. चौथ्यांदा हेवीवेटचं विजेतेपद मिळवण्याची हाव होती. पण मला वाटतं, या दोन्हींच्या तळाशी आणखी एक साधी गोष्ट होती. त्याला आयुष्यात जो जो 'हे तुला जमणार नाही' म्हणाला, तो तो खोटा ठरला होता. १९६४ मध्ये सोनी लिस्टनपुढे हा पोरगा टिकणार नाही म्हणाले, टिकला. १९७४ मध्ये किन्शासाला जॉर्ज फोरमन याला जिवंत ठेवणार नाही म्हणाले, आठव्या फेरीत फोरमन आडवा. ज्या माणसाची सगळी कमाई 'थांब' हा शब्द न ऐकण्यातून आलेली आहे, त्याला तोच शब्द एका ठरावीक वाढदिवसापासून ऐकू येऊ लागेल, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो?

म्हातारपण बॉक्सरच्या अंगात सगळीकडून एकदम शिरत नाही. जाणकार सांगतात, आधी पाय जातात. मग अंतराचा अंदाज जातो: समोरच्याचा खांदा हलला की डोकं आपोआप मागे जायचं, ते आता क्षणभर उशिरा जातं. ठोशातली ताकद सगळ्यात शेवटी जाते. म्हणून तर फोरमन दहा वर्षं सामन्यांपासून लांब राहून १९८७ मध्ये परत आला आणि १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, रात्रभर गुणांवर मागे असताना दहाव्या फेरीत एका आखूड उजव्या ठोशाने मायकल मूररला झोपवून विजेता झाला. त्याचं भांडवल उशिरा संपणारं होतं. अलीचं भांडवल पायांत आणि डोळ्यांत होतं, म्हणजे लवकर संपणारं.

त्यातली ऐन वर्षं तर त्याच्याकडून काढूनच घेतली गेली. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जायला १९६७ मध्ये नकार दिला म्हणून विजेतेपद गेलं, परवाने गेले. ऑक्टोबर १९७० मध्ये तो अटलांटाला परतला तेव्हा अठ्ठाविशी उलटली होती. पूर्वी ज्याला ठोसा लागतच नसे, त्याला आता लागू लागला. आणि इथे अलीला स्वतःच्या अंगात दडलेली एक दुसरीच देणगी सापडली. त्याला मार पचवता येत होता. भयंकर मार पचवता येत होता. किन्शासाला दोरांवर रेलून त्याने फोरमनला हवे तितके ठोसे मारू दिले आणि तो दमल्यावर त्याला पाडलं. जगाने याला युक्ती म्हटलं, आणि ती होतीच. पण पेनसिल्व्हेनियातल्या डीअर लेकच्या सराव-तळावर तो रोज असाच दोरांना टेकून साथीदारांना अंगावर घेत असे, पोटावर आणि डोक्यावरही. पहिल्या देणगीने त्याला वाचवलं होतं, दुसरीने जिंकून दिलं, आणि जिंकल्यामुळे ती किती महाग पडतेय हे झाकून राहिलं. जिंकणाऱ्याला 'पुरे' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. (डीअर लेकला पगारावर ठोसे मारायला ठेवलेल्या त्या साथीदारांमध्ये एक लॅरी होम्स होता.)

विजय मर्चंट यांच्या नावावर एक सल्ला मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं फिरतो. लोक 'का थांबलात?' असं विचारतील तेव्हा थांबावं, 'का थांबत नाही?' असं विचारू लागेपर्यंत वाट पाहू नये. शहाणपणाचंच बोलणं आहे, पण ते क्रिकेटचं आहे. फलंदाज दोन हंगाम जास्त खेळला तर सरासरी घसरते, संघातली एक जागा अडते, वर्तमानपत्रांत चार खवचट मथळे येतात. बॉक्सर दोन वर्षं जास्त खेळला तर त्याचं बोलणं जड होतं, हात थरथरतो. अलीच्या जुन्या मुलाखतींतला आवाज पुढे ॲरिझोनातल्या संशोधकांनी मोजून पाहिला. १९६८ ते १९८१ या काळात त्याच्या बोलण्याचा वेग चौथ्या हिश्शाहून जास्त उतरला होता. म्हणजे निदान व्हायच्या आधीच, भर प्रसिद्धीत, कॅमेऱ्यांसमोर बडबड करता करता तो हळू होत होता. सगळं जग ऐकत होतं, आणि कुणी मोजत नव्हतं.

मग सांगणार कोण? बॉक्सिंगमध्ये याची एक जागा ठरलेली आहे. तीन मिनिटांची फेरी संपते, घंटा होते, कोपऱ्यात स्टूल येतं. मधे एक मिनिट. तेवढ्यात पाणी पाजायचं, चूळ बादलीत घ्यायची, सुजलेल्या डोळ्याखाली थंडगार लोखंडाचा तुकडा दाबायचा, फाटलेल्या भुवईत औषध भरून वर व्हॅसलिन थापायचं, आणि हे करता करता माणसाच्या डोळ्यांत बघायचं. मला या खेळातली ठोशांची मिनिटं अलीकडे बघवत नाहीत, पण हे मधलं मिनिट मी परत परत बघतो. 'थांबावं की लढावं' हा एरवी व्याख्यानाचा विषय. इथे तो साठ सेकंदांत, ओल्या टॉवेलासकट सोडवावा लागतो.

१ ऑक्टोबर १९७५. मनिलाजवळ केझोन सिटीत, सकाळच्या वेळी, अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत. चौदा फेऱ्या झाल्या होत्या आणि पंधरावी शेवटची. फ्रेझरचा डावा डोळा आधीपासूनच अधू, उजवा सुजून मिटत आलेला. अलीचा उजवा हात येताना त्याला दिसतच नव्हता. त्याचा गुरू एडी फच साठी ओलांडलेला. या धंद्यात रिंगणात माणसं मरताना पाहिलेला. त्याने लढत थांबवली. फ्रेझर उठायला लागला, नाही म्हणाला, मला तो हवाय म्हणाला. फचने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि म्हणाला की आज इथे तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही. पलीकडच्या कोपऱ्यात अलीही जवळजवळ संपला होता. तो पंधराव्या फेरीला उठू शकला असता का, यावर आजही वाद चालतो. फचचा निर्णय बरोबर होता याचा पुरावा कधीच मिळणार नाही, कारण तीन मिनिटांत फ्रेझरचं काय झालं असतं ते त्याने घडूच दिलं नाही. फ्रेझरच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या हातातला जगज्जेतेपदाचा घास काढून घेतला गेला. आणि हे त्याच्या बापासारख्या माणसाने केलं. अलीने नंतर सांगितलं की मरणाच्या इतक्या जवळ तो कधी गेला नव्हता.

तिथे थांबायला हवं होतं. हे मी म्हणतो, तसंच अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको म्हणत होता. तो मायामीतला, अलीबरोबर साठच्या दशकापासून. सप्टेंबर १९७७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला अर्नी शेव्हर्स नावाच्या माणसाने, जो त्या काळातला सर्वांत कठीण ठोशाचा समजला जाई, अलीला पंधरा फेऱ्या बडवलं. निकाल मात्र अलीच्या बाजूने लागला. गार्डनचे सामने जुळवणारा टेडी ब्रेनर, ज्याच्या पोटाचा प्रश्न अलीच्या तिकिटांशी बांधलेला, त्याने जाहीर सांगितलं की आम्ही याची लढत पुन्हा ठेवणार नाही. पाचेकोच्या हाती लघवी-रक्ताच्या तपासणीचा कागद आला. त्यावरून मूत्रपिंडं ढासळत असल्याचं दिसत होतं. त्याने प्रती काढून अलीला, त्याच्या बायकोला आणि व्यवस्थापकाला पाठवल्या. कुणाचंही उत्तर आलं नाही. पाचेको निघून गेला.

मी हे सगळं एकदा अण्णांना ऐकवलं. अण्णा आमच्या ओळखीतले, तरुणपणी नागपाड्याला जाऊन बॉक्सिंग शिकलेले, त्या जोरावर रेल्वेत चिकटलेले. त्यांचं नाक डावीकडे जरा कललेलं आहे आणि त्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडतं. माझं बोलणं त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला काय जातंय सांगायला? तू कधी गार्ड घेऊन उभा राहिलायस?"

नव्हतो राहिलो. माझं शौर्य लोणच्याच्या बरणीच्या झाकणापर्यंत.

"अरे, रिंगमध्ये तीन मिनिटं समोर कोण आहे ते तरी कळतं. आम्ही ड्यूटीवर लागलो तेव्हा साहेब कुठून मारतोय तेच कळेना." मग गंभीर होत म्हणाले, "राउंड संपला की माणसाला आपण हरतोय की जिंकतोय तेच कळत नाही बऱ्याचदा. मेरी कोमचं आठव."

आठवलं. जुलै २०२१, टोकियो. कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाविरुद्ध तीनपैकी दोन फेऱ्या मेरी कोमच्या नावावर होत्या, पण एकूण गुणांवर ती २-३ हरली. निकाल लागला तेव्हा आपणच जिंकलो असं तिला वाटलं. हात वर करून ती बाहेर आली आणि हरल्याचं तिला नंतर समाजमाध्यमांवरून आणि प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून समजलं. सहा वेळची जगज्जेती, अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई असताना ऑलिम्पिकचं कांस्य मिळवलेली बाई. तिच्या शरीराने तिला त्या दिवशी सांगितलं ते खरं नव्हतं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तिच्या निवृत्तीच्या बातम्या झळकल्या आणि तिने लगोलग खुलासा केला की मी निवृत्त झालेली नाही. भूक अजून आहे, पण हौशी बॉक्सिंगच्या नियमात चाळिशीनंतर खेळता येत नाही. मला तो नियम कोरडा वाटतो आणि त्याच कारणासाठी आवडतो. त्याला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असली भिंत नाही. तिथे तिकीट खपतं तोवर माणूस तरुण.

आणि अण्णांच्या बोलण्यातली दुसरी बाजूही मला टाळता येत नाही. बाहेर येऊन करायचं काय? जो लुईसने १९३७ ते १९४९ विजेतेपद राखलं, पंचवीस वेळा. युद्धाच्या काळात दोन लढतींची कमाई सैनिकांच्या मदतनिधीला देऊन टाकली, आणि सरकारने त्या रकमेवरही त्याच्याकडून कर मागितला. वर व्याज चढत गेलं. निवृत्त झालेला लुईस ते फेडायला परत रिंगणात उतरला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला दोरांतून बाहेर फेकलं. लढत संपल्यावर मार्सियानो कपडे बदलायच्या खोलीत रडला. तो लहानपणापासून लुईसचा भक्त. पुढे लुईसला नोकरी मिळाली ती सीझर्स पॅलेसमध्ये, आलेल्या पाहुण्यांशी हात मिळवायची. त्याच जागेच्या आवारात एकोणतीस वर्षांनी हेच नाटक पुन्हा लागलं.

अली त्या रात्री दिसायला देखणा होता. अडीचशे पौंडांच्या घरात गेलेलं वजन २१७ वर आणलेलं, पांढरे केस काळे केलेले. लोक म्हणाले, जुना अली परत आला. वजन उतरवायला त्याने थायरॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांनी स्नायूच खाल्ले, दम खाल्ला. रिंगणात आला तो एक सुंदर आकार, आत काही उरलेलं नव्हतं. होम्स तीस वर्षांचा, एकही लढत न हरलेला, आणि समोरच्याला आतून ओळखणारा. कितीतरी वर्षं याच्याच अंगावर हात साफ करून तो शिकला होता. दहा फेऱ्यांपैकी एकही अलीच्या वाट्याला आली नाही. होम्स मारता मारता पंचाकडे बघत होता, की हे थांबव ना. पंच थांबवेना, आणि ठोसे मारणं हेच होम्सचं काम होतं. हातचं राखून मारावं तर तो अपमान, पुरं मारावं तर तो गुन्हा.

दहावी फेरी संपली. व्यवस्थापक हर्बर्ट मुहंमदने मान खाली घातलेली. त्याने खूण केली. अँजेलो डंडी, जो १९६० पासून अलीच्या कोपऱ्यात होता, पंचाला म्हणाला, बस झालं. बुंदिनी ब्राउनने, अलीला आयुष्यभर चेतवत आलेल्या साथीदाराने, डंडीचा स्वेटर धरून ओढला, अजून एक फेरी म्हणाला. डंडीने झिडकारलं. इथला मुख्य मी आहे, मी थांबवतोय. अली स्टुलावर बसून होता, काही बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटच्या घंटेआधी हरला. होम्स रडला. नंतर अलीच्या खोलीत गेला, माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणाला. अलीने विचारलं, मग इतकं बडवलंस कशाला? विनोद शाबूत होता, इतकंच.

या गोष्टीतली काही माणसं मी अजून सांगितली नाहीत, ती म्हणजे आपण. परवान्याचा कागद, तिकीट, दूरचित्रवाणीचे हक्क, या सगळ्यांच्या मागे आपली एक इच्छा उभी असते: त्याने अजून एकदा करून दाखवावं. त्याच्यासाठी नव्हे. किन्शासाचा अली ज्यांनी आपल्या विशीत पाहिला, ते १९८० मध्ये स्वतः पोट सुटायच्या वयाला आले होते. तो जिंकला असता तर त्यांनाही काही वर्षं परत मिळाली असती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा माइक टायसन टेक्सासमध्ये उतरला तेव्हा कोट्यवधी घरांत पडदे उजळले, आणि त्यांतला एक माझा होता. पाचेकोची पत्रं कुणी वाचली नाहीत म्हणून हळहळणारा मीच तो.

होम्सचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं, कारण त्याने तर हे सगळं अगदी हाताच्या अंतरावरून पाहिलं होतं. १९८६ नंतर तो थांबला. जानेवारी १९८८ मध्ये परत आला आणि टायसनने त्याला चौथ्या फेरीत झोपवलं. १९९१ मध्ये पुन्हा परत आला. शेवटची लढत खेळला तेव्हा वय बावन्न होतं. पाहून शहाणपण येतं असं म्हणणाऱ्यांनी होम्सचा विचार करावा.

आणि अली. होम्सनंतरही एक लढत झाली. अमेरिकेतल्या मंडळांनी दारं लावून घेतल्यावर बहामाजमध्ये, नासाऊला, ११ डिसेंबर १९८१, ट्रेव्हर बर्बिकशी. आयोजकांकडे घंटाही नव्हती. कुठूनतरी गाईच्या गळ्यातली घंटा आणून वाजवली. दहा फेऱ्या पूर्ण झाल्या, अली गुणांवर हरला, कसलीही सबब सांगितली नाही. एकसष्ट लढती, छप्पन्न विजय, पाच पराभव. चाळिशीला महिनाभर बाकी होता. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. पुढची बत्तीस वर्षं जगाने तो थरथरता हात पाहिला.

नासाऊलाही डंडी कोपऱ्यात होता. मी बराच काळ त्याच्यावर चिडून होतो. गेल्या वर्षी याच माणसाने लढत थांबवली, मग या वर्षी पुन्हा बादली घेऊन कसा उभा? पाचेकोसारखं निघून का नाही गेला? पाचेको बरोबर होता, काळाने त्याला शंभर टक्के बरोबर ठरवलं. पण तो बरोबर असताना सीझर्स पॅलेसमध्ये नव्हता. तो तिथे असता तर लढत पाचव्या फेरीत थांबली असती, की त्याच्या नसण्याने काहीच फरक पडला नाही, कोण सांगणार. डंडी चुकीच्या जागी होता, पण दहाव्या फेरीनंतर बुंदिनीचा हात झिडकारायला कुणीतरी त्या चुकीच्या जागी असावंच लागतं. निदान मला हल्ली असं वाटतं, उद्या कदाचित वाटणार नाही.

हा तिढा मी अण्णांपुढे टाकला. विचारलं, "तुमच्या कॉर्नरला कोण हवा, पाचेको की डंडी?"

अण्णांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "डंडी. डॉक्टर बरोबर बोलत असेल रे, पण तो गेल्यावर स्टूल कोण ठेवणार?" मग आतल्या खोलीकडे पाहत आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुझ्या काकूला मात्र विचारू नकोस. ती डॉक्टरचंच नाव घेईल."